उकळलेला निरोप

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बारा वर्षांनी आज पुन्हा पांढरा कोट अंगावर चढला. सकाळी ऋताने विचारलं, "आई, तू डॉक्टर झालीस का?" म्हटलं, नाही गं, माशांच्या पांढऱ्या पेशी बघणारी बाई झाले. तिचा चेहरा पडला. पाचवीतल्या मुलीला वर्गात सांगण्यासारखं ते नव्हतंच.

कासारवाडीहून लोकलने तळेगाव आणि तिथून रिक्षा. एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीमागे आमची लॅब आहे. चार खोल्या आणि टाक्यांची एक शेड, एवढाच पसारा. डॉ. चित्रा कॉलेजात शिकवायच्या, पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं. माशांची रोगाशी लढायची ताकद वाढवणारं इंजेक्शन बनवायचंय त्यांना. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतात.

मुलाखतीला इतर सगळीकडे एकच प्रश्न होता, मधली बारा वर्षं काय केलंत? मॅडमनी तो विचारलाच नाही. त्या म्हणाल्या, "हात थरथरतात का?"

मी नाही म्हणाले. खरं तर तेव्हाही थरथरत होते, टेबलाखाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काम हळूहळू कळतंय. इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल.

शरीरात जंतू शिरला की काही पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. इंटरल्यूकिन. मी त्याला मनात 'निरोप' म्हणते, कारण त्याचं काम तेवढंच आहे: पांढऱ्या पेशींना उठवायचं आणि जंतू गिळायला लावायचं. हा रोहू माशाचा निरोप आपण एका साध्या जिवाणूच्या पोटात तयार करून घेतो, जिवाणू फोडून तो वेगळा काढतो आणि धुऊन धुऊन शुद्ध करतो. मग रोहूच्या डोक्यामागच्या मूत्रपिंडातून पांढऱ्या पेशी काढायच्या, छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये ओळीने भरून त्यांच्यावर निरोप घालायचा आणि रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी एक पिवळा रंग टाकायचा. पेशी जाग्या झाल्या असतील तर तो निळा होतो.

प्रथिन फार नाजूक असतं. मॅडम म्हणाल्या, "अंडं उकडलं की त्यातून पिल्लू निघत नाही, तसंच हे. तापलं की निरोप संपला." म्हणून सगळं कायम बर्फात.

टाक्या रोहिदास बघतो. पन्नाशीचा, इथल्याच मावळातल्या गावचा. पूर्वी चिंचवडला फाउंड्रीत होता. माझ्यापेक्षा मॅडमचा त्याच्यावर विश्वास जास्त आहे, आणि ते बरोबरच आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

माझ्या आधी दिव्या नावाची मुलगी होती. तिच्या रजिस्टरात शुद्धीकरणाच्या पाच पायऱ्या आहेत. आत्ताच्या तिसऱ्या लॉटला चारच दिसल्या. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, पाचव्या पायरीचं सामान बाहेरून यायला दोन महिने लागतात, आणि चार पायऱ्यांत प्रथिन नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध येतंय, तेवढं पुरे. आवाज जरा तुटक होता. मी मान हलवली. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईने पुढे काय बोलायचं?

शिवाय तिसऱ्या लॉटचा निळा रंग आधीच्या दोन्ही लॉटपेक्षा गडद येतोय. मॅडम खूश आहेत. मीही.

मंगळवार, ४ मार्च

आजचं हे फक्त इथेच लिहिणार आहे.

लॅबमध्ये शेजारी शेजारी दोन ड्राय बाथ आहेत. नळ्या गरम करायचे छोटे ठोकळे म्हणायचे. एक सदतीस अंशांवर असतो, दुसरा पंचाण्णववर. प्रथिनाची गोठलेली व्हायल, म्हणजे छोटी कुपी, सदतीसच्या ठोकळ्यात दोन मिनिटं ठेवून वितळवायची आणि लगेच बर्फात घालायची. मी व्हायल ठेवली आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला. ऋताला ताप आहे, घेऊन जा. मग शेजारच्या मंजुळाबाईंना फोन, नवऱ्याला, अनंतला फोन. अनंत चाकणला कारखान्यात लाइनवर, तो उचलेना. मंजुळाबाई निघाल्या तेव्हा कुठे मी आत आले. वीस-बावीस मिनिटं झाली असतील.

व्हायल पंचाण्णवच्या ठोकळ्यात होती. आतलं पाणी पांढुरकं झालं होतं.

दुसरी व्हायल काढायची तर फ्रीझरची किल्ली मॅडमकडे, आणि मॅडम उद्याच्या पाहुण्यांच्या तयारीसाठी पुण्याला गेलेल्या. कोचीच्या एका कंपनीची माणसं उद्या मुद्दाम हीच प्लेट बघायला येणार आहेत. पेशी काढून तयार होत्या, त्या उद्यापर्यंत टिकत नाहीत. फोन करून सांगायला हवं होतं. मोबाइल हातात घेतला आणि ठेवला.

तीच व्हायल वापरली. रजिस्टरात तापमान लिहिलं: ३७.

उद्या प्लेट पिवळी निघेल. मी म्हणेन, पेशी खराब होत्या. असं होतं कधीकधी.

बुधवार, ५ मार्च

निळी! ओळच्या ओळ निळी, नेहमीसारखी गडद. औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी घातलेली ओळ तेवढी पिवळी. मी प्लेट उजेडाकडे तीनदा धरून बघितली.

पाहुणे खूश होऊन गेले. मॅडमनी पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "हे मिनलचं काम." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून शेडकडे जाऊन आले.

बहुतेक मी समजते तेवढा वेळ ती व्हायल तिथे नव्हती. किंवा हा लॉटच चिवट असेल. काही का असेना, निभावलं. ऋताचा तापही उतरलाय.

रविवार, ९ मार्च

अनंत चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दुपारी भाजी निवडता निवडता त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे कोणी मापाचा चुकीचा आकडा लिहिला तर काय होतं? तो म्हणाला, लगेच येऊन सांगितलं तर शिव्या बसतात आणि विषय संपतो. नाही सांगितलं आणि माल पुढे गेला, तर अख्खा लॉट परत मागवावा लागतो. पण उगाच बोंब मारण्यात अर्थ नाही, आधी आपली खात्री करून घ्यायची.

खात्री करून घ्यायची, हे पटलं. माझ्या बाबतीत तर प्लेट निळी आली, म्हणजे माल चांगलाच होता. सांगण्यासारखं काही उरतच नाही.

तरी विचारलंस का, असं तो म्हणाला. मी म्हटलं, सहजच.

शनिवार, १५ मार्च

बुधवारी शेडमधल्या बारा माशांना इंजेक्शन दिलं आणि शेजारच्या टाकीतल्या बारांना नुसतं मिठाचं पाणी. आज रोहिदास मला बोलवायला आला. औषधाच्या टाकीतले मासे तळाशी बसून होते, कल्ले भरभर हलत होते. खाद्य तसंच पाण्यावर तरंगत होतं.

मी समजावलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी जाग्या झाल्या की अशी मरगळ येते, पोरांना लस दिल्यावर ताप येतो तसा.

तो म्हणाला, "लसीचा ताप एक दिस असतोय, ताई. ह्यास्नी तीन दिस झालं. मिठाच्या पाण्याचं मासं बघा, कसं खात्यात. आधीच्या औषधाला असं न्हाई झालं कधी."

आधीचं म्हणजे दिव्याच्या वेळचं. मी म्हटलं, हे जास्त जोरदार आहे.

रजिस्टरात 'हालचाल सामान्य' लिहिलं. संध्याकाळी निघताना बघितलं तर दोघं-तिघं वर आले होते. मग तसं खोटं नाही झालं.

शनिवार, २२ मार्च

आज आबाजी आले होते. दौंडच्या पुढे त्यांची हॅचरी आहे, रोहूची पिल्लं तयार करून ते तळीवाल्यांना देतात. साठीचे, उन्हाने रापलेले, बोलणं अगदी हळू. गेल्या हिवाळ्यात अंगावर लाल व्रण पडून त्यांचे निम्मे पैदाशीचे मासे गेले. आता ऐंशी उरलेत. सात-आठ वर्षं सांभाळलेले, पाच-पाच किलोचे. त्यांतल्या चाळीसांना आमचं इंजेक्शन आणि चाळीसांना मिठाचं पाणी असं ठरलं. बुधवारी, २६ तारखेला. टोचणार ते स्वतःच, दरवर्षी पैदाशीच्या वेळी टोचतात, हात बसलेला आहे. औषधाची पेटी बुधवारी पहाटे रोहिदास घेऊन जाईल.

मॅडम उद्या कोचीला जातायत, गुरुवारी सकाळी येतील. तोवर फ्रीझरची किल्ली माझ्याकडे.

निघताना आबाजींनी मला विचारलं, "तुम्हीच बघता ना हे औषध? चांगलंय ना?" मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. मला ते आवडलं नाही. मला कशाला हात जोडायचे?

सोमवार, २४ मार्च

आबाजींसाठी माहितीचा कागद करायचा म्हणून दिव्याचं रजिस्टर चाळत होते. पहिल्या लॉटच्या पानावर एक ओळ होती: 'प्रथिन मुद्दाम उकळून घातले. रंग आला नाही. म्हणजे परिणाम प्रथिनाचाच.'

तीनदा वाचली. 

उकळल्यावर रंग येता कामा नये. माझा आला. मग माझ्या पेशींना जागं कुणी केलं? निरोप तर शिजून गेला होता. व्हायलमध्ये दुसरं काहीतरी आहे, जे उकळूनही मरत नाही. आणि ते उद्या भरायच्या पेटीत जाणार आहे.

की माझंच काही चुकलं असेल? एकदाच तर झालंय. पेशी काढल्या आणि तीन ओळी लावल्या: साधं औषध, वीस मिनिटं उकळलेलं, मिठाचं पाणी. उद्या संध्याकाळी कळेल. मॅडमना आत्ताच फोन केला तर सगळंच सांगावं लागेल, सदतीससुद्धा. आधी खात्री.

मंगळवार, २५ मार्च

दुपारी पेटी भरून ठेवली. चाळीस सिरिंजचं औषध, बर्फ, माहितीचा कागद.

संध्याकाळी साडेपाचला प्लेट बघितली. साध्या औषधाची ओळ निळी. उकळलेल्याची ओळ निळी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत.

पेटी समोर फ्रिजमध्येच होती. रोहिदास बाहेर टाक्यांचं पाणी बदलत होता. मॅडमना मेसेज लिहिला, 'उद्याचं इंजेक्शन थांबवावं लागेल, कारण'. कारणाच्या पुढे काही सुचेना. काय लिहू? ४ तारखेचं लिहू? पाहुण्यांना दाखवलेली प्लेट उकळलेल्या औषधाची होती, असं लिहू? मॅडम त्याच पाहुण्यांच्या ऑफिसात बसलेल्या असणार. मेसेज पुसला. असल्या गोष्टी समोरासमोर बोलायच्या असतात. गुरुवारी त्या येतीलच.

आणि मासे काही मरत नाहीत. शेडमधले बारा मेले का? चार-पाच दिवसांत खायला लागले.

फ्रिज बंद केला, दिवे घालवले, लोकल पकडली.

बुधवार, २६ मार्च

रोहिदास पहाटे पेटी घेऊन गेला. अकराला त्याचा फोन आला, सगळं टोचून झालं.

ऋताला आज उगाचच रागावले.

गुरुवार, २७ मार्च

आज मॅडमना सांगितलं. गुरुवारची लाइट गेलेली, पंखा बंद, लॅबमध्ये जनरेटरवर फक्त फ्रीझर. त्या प्रवासातून थेट आल्या होत्या. मी उभ्यानेच बोलत सुटले. शाळेचा फोन, पंचाण्णवचा ठोकळा, सदतीसचा आकडा, दिव्याची ओळ, कालची प्लेट.

'कालची' म्हणाले मी. मंगळवारची होती. ठरवून बोलले नाही, तोंडातून तसंच आलं, आणि मग दुरुस्त केलं नाही.

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीत बसल्या. मग सांगितलं, की ज्या जिवाणूंत आपण निरोप वाढवतो त्यांच्या कवचाचा अंश औषधात राहिला असणार. तो उकळूनही नाहीसा होत नाही, आणि पांढऱ्या पेशी त्याला जंतूच समजतात. पाचवी पायरी तोच अंश काढण्यासाठी होती.

"ती मी गाळली," त्या म्हणाल्या. "तू विचारलं होतंस. मला रंग गडद दिसला आणि मी पुढे काही बघितलंच नाही."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील आणि मी मोकळी होईन. तसं काही झालं नाही. त्यांनी लगेच आबाजींना फोन लावला. पंधराएक मासे तळाशी बसलेत, असं ते म्हणाले. मॅडमनी पाण्यात हवा वाढवायला सांगितली, आणखी काय काय सांगितलं, आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "टोचायच्या आधी कळलं असतं तर थांबवता आलं असतं." स्वतःशीच बोलल्यासारख्या.

मी जनरेटर बघायला बाहेर गेले.

शनिवार, २९ मार्च

अकरा मासे गेले. मिठाच्या पाण्याच्या चाळीसांतला एकही नाही.

मॅडम म्हणतात, मासे हा अंश माणसापेक्षा कितीतरी जास्त पचवतात, उन्हाचा ताण, जाळ्याचा ताण, हेही असेल. खात्रीने सांगता येत नाही. कोचीच्या कंपनीला त्यांनी स्वतः सगळं कळवलं. तिकडून उत्तर नाही.

उद्या पाडवा. अनंतने गुढीची काठी पुसून ठेवलीय. तो विचारतो, तुला बरं नाही का? त्याला लॅबमधलं सगळं सांगितलं, मंगळवारचं सोडून.

शुक्रवार, ४ एप्रिल

मॅडमनी पुण्यातल्या एका ओळखीच्या लॅबमधून पाचव्या पायरीचं सामान उसनं आणलं. तीन दिवस आम्ही दोघींनी मिळून तिसरा लॉट पुन्हा धुतला. आज प्लेट बघितली. उकळलेल्याची ओळ पिवळी. न उकळलेल्याची निळसर, फिकट, उजेडाला धरली तरच दिसेल अशी.

मॅडम खूप वेळ बघत होत्या. "एवढाच आहे तर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आहे."

उद्या आम्ही दोघी आबाजींकडे जाणार आहोत. उरलेल्या माशांचं रक्त तपासायला हवं, आबाजींनी घेऊ दिलं तर. त्यांनी एवढंच सांगितलंय, की काय झालं ते त्या बाईंनी येऊन सांगावं. त्या बाई म्हणजे मी.

शनिवार, ५ एप्रिल

दौंडच्या पुढे रस्ता कच्चा. बाराला पोचलो. हॅचरी म्हणजे सिमेंटच्या टाक्यांच्या दोन ओळी, चार तळी, आणि बाभळीखाली एक खाट. आबाजींनी पाणी दिलं. मासे कुठे पुरले ते दाखवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यांची बायको सोजरबाई टाकीच्या कडेला बसून जाळं दुरुस्त करत होती. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा जाळ्याकडे.

मी सांगितलं. निरोप, जिवाणूचं कवच, सुटलेली पायरी. समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. माझी व्हायल, माझा खोटा आकडा, शेडमधल्या माशांपुढे लिहिलेलं 'सामान्य', तेही.  मॅडमनी पायरी आपण गाळली, चूक आपली, असं म्हटलं, तेव्हा आबाजींनी मान हलवली, पण बघत माझ्याकडेच होते.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. बुधवारी संध्याकाळी, हे उत्तर तयार होतं. मॅडमना तेच माहीत होतं, अनंतलाही. कुणाला कधी कळलंही नसतं. सोजरबाईचा हात थांबला होता.

"मंगळवारी," मी म्हणाले. "संध्याकाळी साडेपाचला."

मॅडमनी माझ्याकडे वळून बघितलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

आबाजींनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "आम्ही टोचलं बुधवारी सकाळी."

"हो."

"तेव्हा पेटी कुठे होती?"

"माझ्यासमोर."

 आबाजी उठले, खाद्याची बादली उचलली आणि टाकीकडे गेले. मुठीने दाणे टाकत कडेकडेने चालत राहिले. पाण्यात मासे वर येऊन खायला लागले, एक सोडून. तो तळाशीच होता. ते त्याच्यापाशी वाकून थांबले, आणि तिथूनच, मागे न बघता म्हणाले, "रक्त घ्यायचं तर आधी ह्याचं घ्या."

मी पिशवीतून सिरिंज काढली आणि टाकीच्या कडेला गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी मासा धरून पाण्याच्या वर आणला. माझे हात थरथरत होते. त्यांना ते दिसत होतं. ते थांबून राहिले.